हाडापाशी ५८

१९ नोव्हेंबर २०२३ नंतर अण्णा, म्हणजे माझे सासरे, माझ्या हातचं चिकन खात नव्हते. कधी बोलून दाखवलं नाही त्यांनी. रविवारी ताटं घ्यायला लागले की हळूच म्हणायचे, मला आज वरणभातच दे गं, पोट जड वाटतंय, आणि मी मुकाट्याने वरणभात वाढायचे. मटण खायचे, मासे खायचे, फक्त चिकन नाही. दर रविवारी नेमकं चिकनच्याच दिवशी पोट कसं जड होईल माणसाचं? पण विचारायचा धीर मला झाला नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

तो दिवस क्रिकेट वर्ल्ड कपच्या अहमदाबादच्या फायनलचा. आम्ही नेरूळला राहतो, सिडकोची जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, हॉल काही मोठा नाही पण टीव्ही मोठा आहे त्यामुळे मॅच म्हटली की अख्खा मजला आमच्याकडे. त्या दिवशी पोरंटोरं धरून १९ जण होते. दहा मॅच सलग जिंकून आलेली टीम, सगळे निळे टीशर्ट घालून बसलेले, आणि मी ठरवलेलं की आज तंगडी करायची. सकाळी चिकनवाल्याकडे ही रांग, म्हणून फ्रोझन लेग पीसची पाकिटं आणली, बारा वाजता फ्रीजरमधून काढली, वरून मऊ लागली म्हणून चिरे दिले, दही आलं-लसूण लाल तिखट गरम मसाला कसुरी मेथी सगळं चोळलं आणि ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, तापायला लावला. आत हाडाशी बर्फ असणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एका ट्रेमध्ये आठच बसतात. तिकडे रोहितने पहिल्या ओव्हर्सपासून मारायला सुरुवात केलेली आणि हॉलमधून दर दोन मिनिटांनी आवाज, कुठपर्यंत आलंय, वास तर भारी येतोय. अर्ध्या तासात वरून मस्त काळे डाग पडले, कडा करपल्यासारख्या झाल्या, तंदूरचा असतो तसा रंग आला. मी ट्रे काढला, परातीत जो मसाला उरलेला त्याचाच ब्रश वरून फिरवला चमक यावी म्हणून आणि प्लेटा बाहेर पाठवल्या. तो मसाला कच्च्या चिकनचा होता. आज लिहितानाही हे वाक्य लिहायला जड जातंय.

अण्णांनी दोन खाल्ल्या. रोहित ४७ वर गेला, ऑस्ट्रेलियाच्या हेडने मागे पळत जाऊन तो कॅच घेतला, तेव्हा अण्णांच्या हातात दुसरी तंगडी होती हे मला आठवतंय.

आणि एक गोष्ट मी खूप दिवस कुणालाच सांगितली नव्हती. प्लेटा उचलताना एका हाडाशी, सांध्याच्या जवळ, मला मांस चकाकताना दिसलं होतं. गुलाबी, जेलीसारखं. मी बघितलं आणि मनात म्हटलं हाडाजवळ असतंच तसं, आणि डब्यात टाकून दिलं.

सोमवारी संध्याकाळी अण्णांना थंडी वाजून ताप आला, रात्रभर जुलाब, मंगळवारी ॲडमिट. तेव्हा ७४ वर्षांचे, त्यात डायबेटीस. तीन दिवस सलाइन. शेजारच्या सात वर्षांच्या मुलीलाही ताप आणि पोटदुखी, ती घरीच बरी झाली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं, कोणी केलं होतं, मी म्हटलं मी. ते शांतपणे म्हणाले, चिकन आतून कच्चं राहिलेलं दिसतंय. घरात कुणीही मला एक शब्द बोललं नाही, सासूबाई तर उलट माझ्यासाठी डबा घेऊन आल्या हॉस्पिटलमध्ये. ते जास्त लागलं.

त्यानंतरचं वर्षभर मी चिकन शिजवत नव्हते, शिक्षा देत होते त्याला. आधी कुकरला तीन शिट्ट्या, मग तव्यावर परतायचं, मग परत झाकण ठेवून वाफ. छातीचं मांस नुसता चोथा व्हायचं, पोरं ग्रेव्ही खाऊन तुकडे ताटात ठेवून उठायची. २०२४ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या बार्बाडोसच्या फायनलला सगळे जमले तेव्हा मी बटाटेवडे केले. सूर्यकुमारने बाउंड्रीवर तो कॅच घेतला तेव्हा शेजारचे लोक आमच्या सोफ्यावर उभे राहून नाचले, मीही नाचले, पण किचनमध्ये परत आल्यावर वाटलं की आपल्याकडे मॅचला काहीतरी झणझणीत असायचं, ते माझ्यामुळे बंद झालंय.

मग ९ फेब्रुवारी २०२५, रविवारची रात्र. माझा धाकटा दीर न्यू जर्सीत एडिसनला असतो, त्याचा व्हिडिओ कॉल. त्यांच्याकडे दुपार होती आणि संध्याकाळी सुपर बोल, म्हणजे त्यांच्या अमेरिकन फुटबॉलची फायनल. तिकडे त्या दिवशी घरोघरी चिकनचे विंग्ज असतात, म्हणजे आपल्या लॉलीपॉपचाच तो तुकडा, पण ते लोक तो तळून तिखट सॉस आणि बटरमध्ये घोळवतात, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात १९६४ मध्ये एका बारमध्ये पहिल्यांदा केले म्हणून बफेलो विंग्ज नाव. हा मुलगा लग्नाआधी साधा चहा करायचा नाही, आणि आता फोन ओट्यावर टेकवून वीस माणसांचं करत होता. ओव्हनमधून ट्रे काढला, एक पेनासारखी वस्तू काढली, तिची सुई एका तुकड्यात खुपसली, आकडा बघितला आणि ट्रे परत आत. मी म्हटलं, अरे झालेत की, रंग बघ ना. तो म्हणाला, "वहिनी, डोळ्यांना कळत नाही गं ते."

त्याला २०२३ चं सगळं माहीत होतं. त्याने टोमणा मारला नव्हता, साधं सांगत होता. पण मी फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसले. डोळ्यांना कळत नाही. मला तर डोळ्यांनी दिसलं होतं आणि तरी मी मानलं नव्हतं.

त्याने आकडे पाठवले, अमेरिकेच्या कृषी खात्याचे, फॅरनहाइटमध्ये. कोंबडी कुठलाही भाग असो १६५, खिमा १६०, मटणाचे अख्खे तुकडे १४५ आणि वर तीन मिनिटं तसेच ठेवायचे. आपल्या हिशेबात ७४, ७१ आणि ६३ अंश. मग मी आपल्याकडचं शोधलं, तर एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, हॉटेल-केटरिंगवाल्यांसाठी लिहून ठेवलंय की मांसाहारी पदार्थाच्या अगदी मध्यभागी ६५ अंश दहा मिनिटं, किंवा ७० अंश दोन मिनिटं, किंवा ७५ अंश पंधरा सेकंद मिळायला हवेत. हे वाचून मला पहिल्यांदा नीट उलगडलं. नुसतं तापमान नाही, तापमान आणि वेळ यांची जोडी आहे ती. दुधाचं असंच असतं, पिशवीवर पाश्चराइज्ड लिहिलेलं असतं ते दूध ६३ अंशावर अर्धा तास ठेवतात नाहीतर ७२ वर पंधरा सेकंद, दोन्हीचा परिणाम एकच. कोंबडीत असणारे जंतू, साल्मोनेला असो की कॅम्पिलोबॅक्टर, उष्णता जितकी जास्त तितकी त्यांना मरायला वेळ कमी. ७४ म्हणजे घरातल्या बाईला घड्याळ बघत बसायला लागू नये म्हणून दिलेला आकडा. तिथे पोचलं की झालं.

थर्मामीटर पाचेकशे रुपयांचा मागवला. आला त्या दिवशी ग्लासात बर्फ भरून थोडं पाणी घालून बघितलं, ०.३. उकळत्या पाण्यात ९९.६. नेरूळ समुद्राच्या पातळीलाच असल्यामुळे इथे पाणी १०० लाच उकळतं, म्हणजे यंत्र खरं बोलतंय.

सासूबाईंना पटलं नाही. त्या रोह्याकडच्या, त्यांच्या हातचं मटण मी अजून कुठे खाल्लेलं नाही आणि हे मनापासून सांगतेय. त्यांचं म्हणणं, आमच्या वेळी कुठे होतं हे, सुरी घालायची, पाणी पांढरं आलं की शिजलं, तवंग वर आला की उतरवायचं, एवढी वर्षं कुणाचं पोट बिघडलं नाही. आणि ते खरंच आहे, कुणाचं बिघडलं नाही. यावर मी खूप विचार केला कारण त्यांना खोटं ठरवून मला काहीच मिळवायचं नव्हतं. मग लक्षात आलं की त्या करायच्या गावठी कोंबडा, चुलीवर, वाटणाच्या रश्शात, दीड दीड तास रटरटत. तो कोंबडा मऊ व्हायलाच एवढा वेळ लागायचा की कच्चं राहायची सोयच नव्हती, मऊ झाला म्हणजे शिजून कितीतरी पुढे गेलेला. त्यांचा अंदाज त्या कोंबड्याचा, त्या टोपाचा, त्या आचेचा होता आणि तिथे तो पक्का होता. मी पदार्थ बदलला. सहा आठवड्यांची ब्रॉयलर कोंबडी, जी मुळातच मऊ असते, तिची जाड तंगडी, रस्सा नाही, विजेच्या डब्यात कोरडी भाजायची, ती पण घाईत. सगळं बदललं आणि अंदाज तेवढा जुनाच वापरला. माझं चुकलं ते इथे.

२३ फेब्रुवारीला चॅम्पियन्स ट्रॉफीत दुबईला पाकिस्तानबरोबर मॅच होती. पाहुणे बोलावले नाहीत, घरचेच. चारच तंगड्या आणल्या, ताज्या, आणि मुद्दाम २०२३ सारख्याच भाजल्या, तोच मसाला, तोच ओटीजी, २०० वर. पंचवीस मिनिटांनी अगदी तसेच काळे डाग, तसाच वास. त्या दिवशी मी याच क्षणी ट्रे बाहेर पाठवला असता. सुई सगळ्यात जाड भागात घातली, हाडाला टेकू न देता, कारण हाडाला टेकली की आकडा फसवतो. आकडा भराभर चढला, मग हळू झाला, मग थांबला. ५८.

माझे हातपाय गार पडले. ही तर फ्रीजमधली ताजी तंगडी होती. तेव्हाची आत गोठलेली होती, तिचा काय आकडा असेल. ओट्याला धरून उभी राहिले मी, नवरा पाणी प्यायला आला त्याला दाखवलं, तो काही बोलला नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला.

परत आत ठेवल्या. आठ-नऊ मिनिटांनी ७४ झालं. पण तंगडीला ७४ पुरत नाही, म्हणजे धोका संपतो पण चव नाही येत, शिरांपाशी चामट लागतं. तंगडी आणि मांडी ८० च्या पुढे, ८२-८३ ला नेली की आतले ते चिवट धागे विरघळतात आणि मांस हाडावरून सुटतं. छातीचं उलट, ते ७४ च्या पुढे गेलं की कोरडं. त्यामुळे टिक्का मी ७२ दिसलं की उतरवते आणि झाकून ठेवते, आतली उष्णता बाहेरून मध्यात येत राहते आणि दोन-तीन मिनिटांत ७४ होतं, ते परत सुई घालून बघते. वर्षभर पोरांनी जो चोथा चावला तो कशामुळे होता ते त्या दिवशी कळलं, माझी भीती त्या चिकनला ७४ च्या कितीतरी पुढे नेत होती. कोहलीची सेंच्युरी झाली त्या दिवशी, आणि माझी धाकटी म्हणाली आई हे हॉटेलसारखं झालंय. अण्णांनी वरणभात खाल्ला.

मग ९ मार्चला त्याच ट्रॉफीची फायनल, न्यूझीलंडबरोबर. यावेळी मी सगळ्यांना बोलावलं, सोळा जण. अडीचला मॅच सुरू, संपायला पावणेदहा, म्हणजे सात तासांचं खाणं. पूर्वी आम्ही काय करायचो, सगळं दुपारीच करून टेबलावर मांडून ठेवायचं, येता-जाता खा. आता कळतं की शिजवणं हे अर्धंच काम आहे. ४ ते ६० अंश हा सगळा पट्टा जंतूंना वाढायला सोयीचा, शिजलेलं अन्न त्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि हवा ३२ अंशाच्या वर असेल तर एकच तास. मार्चच्या दुपारी, सोळा माणसं आणि बंद खिडक्या, आमच्या हॉलमध्ये ३२ सहज असणार. म्हणून मी मॅचप्रमाणे वाटे केले. कच्चं सगळं मसाला लावून फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, झाकून. वरून लावायचा मसाला आधीच वेगळ्या वाटीत काढलेला. पहिला घाणा लॉलीपॉपचा, कुलदीपने रचिनला बोल्ड केला तेव्हा प्लेट रिकामी होती. इनिंग संपली, २५१ झाल्या, तेव्हा खिम्याचे शीग कबाब.

कबाबांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण लोकांना वाटतं चिकनच धोक्याचं, मटणाचं काय. अख्ख्या तुकड्यात जंतू असतात ते बहुतेक वरच्या बाजूला, आच लागली की गेले. खिमा करताना मशीनमध्ये वरचं सगळं आत जातं, म्हणून कबाबचा गाभा ७१ व्हायलाच हवा, आणि रंगावर इथे अजिबात जाऊ नका, खिमा कधी कधी ७१ च्या खूप आधीच आतपर्यंत तपकिरी दिसतो. सुई वरून नाही घालायची, टोकाकडून लांबीला आत सरकवायची. चिकनमध्ये नेमकं उलट होतं, ८२ अंश झालेल्या तंगडीतसुद्धा हाडापाशी कधी लालसर दिसतं, कोंबडी लहान असते, हाडं कोवळी, आतल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो. म्हणजे गुलाबी दिसलं म्हणून कच्चं नाही आणि तपकिरी दिसलं म्हणून शिजलेलं नाही. त्या दिवशी एका पाहुण्यांनी तंगडी परत आणून दिली, वहिनी ही कच्ची वाटते. वर्षभरापूर्वी मी रडले असते. मी सुई घातली, त्यांना आकडा दाखवला, त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली.

रोहित-गिल खेळत होते तोवर तंगड्या ओव्हनमध्ये होत्या. १०५ ला बिनबाद, मग फिलिप्सचा तो एका हाताचा कॅच, लगेच कोहली, हॉलमध्ये एकदम शांतता, आणि त्या शांततेत अण्णा उठून किचनमध्ये आले. ते किचनमध्ये येत नाहीत कधी. दाराशी उभे राहून म्हणाले, "ते काय असतं तुझं, बघू." मी सुई घालून दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, ऐंशी, असं पुटपुटले, आणि परत जाऊन बसले. जडेजाने चौकार मारला, फटाके फुटले, जेवायला बसलो तेव्हा त्यांनी मटण सुकं आणि भाकरी घेतली. तंगडीला हात लावला नाही. मी आग्रह केला नाही.

मटणाला मी थर्मामीटर लावत नाही शिजताना. कुकरमध्ये आत १२० च्या आसपास असतं, आणि मटण सुरक्षित होतं त्याच्या कितीतरी नंतर ते मऊ होतं, तिथे सासूबाईंची बोटंच खरी. पण उरलेल्या मटणाचं मात्र आमच्या घरात बदललं. रात्री टोप ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी उकळी काढायची ही पद्धत आपल्याकडे सगळीकडेच आहे, शिळा रस्सा जास्त मुरतो हेही खरं. पण मोठा टोप थंड व्हायला रात्र लागते, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट रश्शात ते रात्रभर वाढतात. काही जंतूंचं विष तर उकळूनही जात नाही, स्टॅफिलोकॉकसचं तसं आहे. म्हणून आता रस्सा पसरट भांड्यांत ओतायचा, भांडी परातीतल्या गार पाण्यात ठेवायची आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. खाताना परत ७४. सासूबाईंनी हे पहिल्या दिवसापासून ऐकलं. चिकन नळाखाली धुवायचं नाही, शिंतोडे सगळ्या सिंकभर उडतात, हे मात्र त्यांना अजून पटत नाही, हळद-मीठ लावून धुतल्याशिवाय त्यांना किळस येते. शेवटी खोल पातेल्यात, नळापासून लांब, आणि नंतर सिंक साबणाने घासायचं यावर आमची तडजोड झाली. ती पूर्ण बरोबर नाही हे मला माहीत आहे, पण घर आहे.

मग नोव्हेंबरात फायनल आमच्या दारातच आली. डी. वाय. पाटील स्टेडियम नेरूळलाच, आमच्या खिडकीतून आरडाओरडा ऐकू येतो, टीव्हीवर चौकार दिसायच्या आधी बाहेरून आवाज यायचा. २ नोव्हेंबर २०२५, बायकांचा वर्ल्ड कप. आणि आमची कार्तिकी एकादशी! त्यामुळे घरात उपवास, साबुदाणा वडे. पावसामुळे तीनची मॅच पाचला सुरू झाली, मी मळून ठेवलेलं सगळं उचलून फ्रीजमध्ये ठेवलं आणि टॉस झाल्यावरच तेल तापवलं, ही सवय आता हाताला लागलीय. शेफालीच्या ८७, दीप्तीच्या पाच विकेट, आणि मध्यरात्री हरमनने तो शेवटचा कॅच घेतला तेव्हा आमच्या खिडकीची काच थरथरली असं मला वाटलं. माझ्या दोन्ही मुली रडत होत्या, मी रडत होते, अण्णा उभे राहून टाळ्या वाजवत होते, ७६ वर्षांचे, दिवसभर उपाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "पोरी जिंकल्या, आणि आपण वड्यांवर भागवलं. मॅचचं जेवण राहिलं ना." मी म्हटलं, रविवारी करू की, मटण आणते. ते पेपर वाचत म्हणाले, "मटण कशाला. त्या दिवशीचं ते कर."

रविवारी पाचच माणसं होती घरात. सहा तंगड्या. मी ट्रे बाहेर काढला तर अण्णा आधीच ओट्यापाशी येऊन उभे, थर्मामीटर त्यांनीच खणातून काढलेला. मला म्हणाले थांब, मी घालतो. हात थोडा थरथरतो त्यांचा, पहिल्यांदा हाडाला टेकली, मी म्हटलं थोडी मागे घ्या अण्णा, त्यांनी घेतली. ६९, ७४, ७९. थांबले. ८१, ८३.

त्यांनी सुई काढून पुसली, ताटली घेतली आणि तीच तंगडी स्वतःला वाढून घेतली.